चिनी ऐतिहासिक प्रेममालिकांतली सत्ता: कोळशाची टोपली कुणाच्या दारात जाते ते बघा

प्रश्न असा आहे: चिनी ऐतिहासिक प्रेममालिकांतल्या नायिका हुशार, धीट, भल्याभल्यांना पुरून उरणाऱ्या असतात. मग त्यांचं सगळं शेवटी सम्राटाच्या नाहीतर एखाद्या सेनापतीच्या मर्जीवर का येऊन थांबतं? या मालिका बाईला बळ देतात, की जुनीच उतरंड रेशमात गुंडाळून दाखवतात?

सगळ्या मालिकांना एकच उत्तर लागू होत नाही, पण एक कसोटी सगळीकडे चालते. नायकाने उद्या पाठ फिरवली तर नायिकेच्या हातात काय उरतं, एवढं विचारायचं. पैसा, हुद्दा, मूल, माहेर, धंदा, की काहीच नाही? तिची तलवारबाजी आणि तिखट जीभ या हिशेबात धरायची नाही. पहिल्या भागात चार पुरुषांना लोळवणारी नायिका दहाव्या भागात नायकाच्या घोड्यावर बेशुद्ध पडलेली असते, हे नेहमीचंच आहे. उलट सुरुवातीचे कितीतरी भाग मान खाली घालून बसणारी मुलगी पुढे अख्खा वाडा चालवते. खरी सत्ता मारामारीत दिसत नाही, वाटपात दिसते.

कोळसाच घ्या. ‘स्टोरी ऑफ मिंगलान’ (२०१८) ही सोंग काळातल्या (दहावं ते तेरावं शतक) अधिकारी घराण्याची गोष्ट. सुरुवातीच्याच भागांत कडाक्याच्या थंडीत मिंगलानच्या गरोदर आईच्या खोलीत शेगडीला कोळसा नाही. आई उपपत्नी, आणि घरातली दुसरी, नवऱ्याची लाडकी उपपत्नी लिन हिच्या माणसांनी तिचा वाटा अडवलेला. कुणी मारलं नाही, कुणी शिवी दिली नाही, फक्त टोपली आली नाही. पुढे बाळंतपणात ती बाई जाते. ‘एम्प्रेसेस इन द पॅलेस’मध्ये (२०११, ७६ भाग) सम्राटाची मर्जी उतरताच नायिका जन-ह्वानच्या महालात धूर ओकणारा काळा कोळसा येऊ लागतो. ‘रुयीज् रॉयल लव्ह इन द पॅलेस’मध्ये (२०१८, ८७ भाग) नायिका रुयीची मैत्रीण हायलान हिच्यावर कोळसा चोरल्याचा आळ घालून तिला शिक्षा होते, आणि तो कोळसाही साधासुधा नव्हे, ‘होंग-ल्वो’. हा चिंग राजवाड्यातला (चिंग म्हणजे चीनवर राज्य करणारी शेवटची, मांचू लोकांची राजवट) उत्तम प्रतीचा कोळसा. कठीण लाकडाचा, धूर न करणारा, तांबड्या मातीने रंगवलेल्या छोट्या टोपल्यांतून येणारा, म्हणून नाव ‘लाल टोपलीचा’. तीन मालिका, मूळ कादंबऱ्या दोन लेखिकांच्या (जन-ह्वान आणि रुयी एकीच्याच), पण सत्ता मोजायला दोघींनी एकच माप घेतलं. म्हणून पहिले चार भाग बघताना संवादांपेक्षा शेगडी, ताट, औषधाचा वाडगा आणि दारातला नोकर यांच्याकडे जास्त लक्ष द्या.

आता काळ. मालिका कुठल्या राजवटीत घडते हे आधी बघा, कारण बाईचे कायदेशीर हक्क राजवटीगणिक बदलतात. थांग राजवटीचा इ.स. ६५३ चा कायदा आणि त्यावरच बेतलेला सोंगांचा ९६३ चा कायदा एका बाबतीत पक्के होते: पत्नी एकच. ती ‘छी’. बाकीच्या ‘छ्ये’, म्हणजे उपपत्नी. इंग्रजी सबटायटलमधला ‘कॉन्क्युबाइन’ हा शब्द वाचून मराठी प्रेक्षकाच्या डोक्यात रखेल येते, ते चूक आहे. उपपत्नी घरातली असते, तिची मुलं बापाच्या नावावर लागतात, पण ती मुलं कायद्याने थोरलीची मानली जातात आणि थोरलीलाच आई म्हणतात. जन्मदात्रीला मिंगलानच्या घरात ‘श्याव-न्यांग’ म्हणतात, म्हणजे धाकटी आई. पोटच्या पोरीने आपल्याला आई म्हणायचं नाही, ही त्या मालिकेतली सगळ्यात खोल जखम आहे आणि सबटायटलमध्ये ती पूर्ण पुसली जाते.

थांग कायद्यात पत्नीला उपपत्नीच्या पायरीवर उतरवणाऱ्याला दोन वर्षं सक्तमजुरी होती, उपपत्नीला पत्नी करणाऱ्याला दीड वर्ष. त्यामुळे ‘तू आज उपपत्नी म्हणून ये, उद्या तुला थोरली करीन’ असं नायक म्हणतो तेव्हा तो एकतर खोटं बोलतोय किंवा गुन्हा कबूल करतोय. लेखक जाणता असेल तर नायिकेला हे ठाऊक असतं, आणि ती तिथल्या तिथे नाही म्हणते. या नकाराकडे प्रेमातला मानीपणा म्हणून बघू नका. तिला कायदा कळतो, म्हणून ती नाही म्हणते.

काडीमोडाचंही तसंच. नवऱ्याने बायकोला टाकण्याची सात कारणं होती: मुलगा नसणं, व्यभिचार, सासूसासऱ्यांची सेवा न करणं, फार बोलणं, चोरी, मत्सर, आणि असाध्य रोग. तीन परिस्थितींत मात्र टाकता येत नसे: तिने सासू किंवा सासऱ्याचं तीन वर्षांचं सुतक पाळलं असेल, तिला परतायला माहेर उरलं नसेल, किंवा लग्नाच्या वेळी गरीब असलेलं घर नंतर श्रीमंत झालं असेल. कारण नसताना टाकलं तर नवऱ्याला दीड वर्ष सक्तमजुरी. शिवाय दोघांच्या संमतीने वेगळं होण्याची ‘ह-ली’ नावाची वाट होती. अलीकडच्या मालिकांत नायिका ताठ मानेने ‘ह-ली’ मागते तेव्हा अनेकांना वाटतं, आजचा विचार जुन्या काळात घुसवलाय. वाट खरी होती. खोटं असतं ते तिचं सोपेपण, कारण नवऱ्याची सही लागायची आणि मागे माहेर उभं असावं लागायचं. माहेर म्हणजे चिनीत ‘न्यांग-ज्या’, शब्दशः आईचं घर. इंग्रजीला हा शब्द झेपत नाही, मराठी प्रेक्षकाला तो समजावून सांगावा लागत नाही. सासरी चाललेल्या प्रत्येक भांडणात माहेरचा बाप कुठल्या हुद्द्यावर आहे हे आठवा. त्याची बदली झाली की मुलीच्या ताटातलं वाढप बदलतं.

माहेरचं बळ दिसतं ते रुखवतात, ‘ज्या-च्वांग’मध्ये. आपल्याकडच्या स्त्रीधनाच्या कल्पनेशी याचं नातं बरंच जवळचं आहे. सोंग काळात हा ऐवज पत्नीचा मानला जाई. विधवा झाली किंवा काडीमोड झाला तर ती तो घेऊन बाहेर पडू शके, पुन्हा लग्नही करू शके. युआन, मिंग आणि चिंग काळात ही वाट बुजली: विधवा सासर सोडून गेली तर रुखवत सासरीच राहायचं. म्हणून सोंग काळातली नायिका आणि चिंग काळातली नायिका सारख्याच धीट दाखवल्या, तर दोघींच्या धीटपणाची किंमत सारखी नसते. मिंगलानचं लग्न झाल्यावर ती काय करते ते नीट बघा. नवऱ्यावर रुसणं-फुगणं बाजूला ठेवून ती आधी नोकरमाणसांची झाडाझडती घेते: कोण कुठून आलं, कुणाच्या नात्यातलं, कुणाच्या हाताखाली होतं. सावत्र सासूने पेरलेली माणसं अशीच उघडी पडतात. तिचं प्रेम आणि तिचा हिशेब एकाच वहीत चालतो, आणि त्यात लेखिकेला काही वावगं वाटत नाही. या मालिकेचं मोठेपण मला तिथे दिसतं.

चिंग राजवाड्यात तर सगळं आकड्यांतच बांधलेलं होतं. सम्राज्ञी एक, तिच्याखाली ‘ह्वांग-क्वेइफेइ’ एक, ‘क्वेइफेइ’ दोन, ‘फेइ’ चार, ‘फिन’ सहा. त्याखाली ‘क्वेइरन’, ‘छांगचाय’ आणि ‘दायिंग’, यांच्या संख्येला मर्यादा नाही. वर्षाचा तनखा चांदीत, ‘ल्यांग’ या चिनी वजनात ठरलेला: वरून खाली १०००, ८००, ६००, ३००, २००, १००, ५०, ३०. दासींची संख्याही ठरलेली: सम्राज्ञीला १०, त्याखालच्या दोन पायऱ्यांना ८, मग ६, ६, ४, ३, २. ‘फेइ’ची ‘फिन’ झाली की वर्षाचे शंभर ल्यांग गेले. म्हणून मालिकेत एखादी पायरी उतरली की जो आकांत होतो तो अतिरंजित नाही. तनख्यावर दासी, औषध, लाच, माहेरी पाठवायचा निरोप, सगळं अवलंबून होतं. आणि ‘फिन’च्या खालची बाई स्वतःच्या महालाची मुख्य नसते, तिला दुसऱ्या कुणाच्या तरी महालात बाजूच्या खोल्यांत राहावं लागतं.

इथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. दर तीन वर्षांनी अष्टध्वज घराण्यांतल्या (चिंगांच्या आठ लष्करी ध्वजांखाली नोंदवलेल्या घराण्यांतल्या) मुलींची निवड व्हायची, त्यातून राण्या यायच्या. दासींची निवड वेगळी, राजवाड्याच्या खासगी कारभारातल्या ध्वजांच्या मुलींतून. योंगजेंग सम्राटाच्या काळापासून दासीला २५ व्या वर्षी सुटका मिळायची. राणीला सुटका नाही. ‘स्टोरी ऑफ यानशी पॅलेस’ची (२०१८, ७० भाग) वेइ यिंगल्वो भरतकामाच्या कारखान्यात दासी म्हणून येते ती बहिणीच्या मृत्यूचा छडा लावायला. तोवर तिच्यापुढे बाहेरचं दार आहे. सम्राटाची राणी होते तेव्हा तिचा हुद्दा वाढतो आणि ते दार कायमचं बंद होतं. मालिका हा क्षण विजयासारखा सजवते, पण हिशेब मांडला तर दोन्ही बाजू दिसतात.

सबटायटलवर विसंबू नका, कान उघडे ठेवा. सत्तेची चढउतार सर्वनामांत ऐकू येते. सम्राट स्वतःला ‘जन्’ म्हणतो, आणि हा ‘मी’ चीनचा पहिला सम्राट छिन शी-ह्वांग याने इ.स.पू. २२१ मध्ये फक्त सम्राटासाठी राखून ठेवला. तो एकांतात नायिकेशी बोलताना साधा ‘वो’ म्हणाला, तर त्या क्षणापुरता तो खाली उतरलाय. राण्यांत ‘फिन’च्या खालची स्वतःला ‘फिन-छ्ये’ म्हणते, वरची सम्राटापुढे ‘छन-छ्ये’ आणि खालच्यांपुढे ‘बन-गोंग’. दासी ‘नूबी’. जन-ह्वानच्या तोंडून पहिल्यांदा ‘बन-गोंग’ निघतं तेव्हा तिच्यातला बदल पूर्ण झालेला असतो, आणि सबटायटलमध्ये तिथे नुसतं ‘मी’ असतं. खऱ्या चिंग दरबारात बोलणं याच साच्यात चालायचं असं नाही, ही मालिकांनी घडवलेली भाषा आहे. पण ती नेमाने पाळली जाते, त्यामुळे वाचायला उपयोगी आहे. दोन-तीन भागांत कान तयार होतो.

बाईच्या हातातली सगळ्यात मोठी सत्ता मात्र नवऱ्याकडून येत नाही, मुलाकडून येते. मातृपितृभक्ती हे चिनी कुटुंबधर्माचं सर्वोच्च मूल्य, आणि ते सम्राटालाही चुकत नाही. जो कुणापुढे वाकत नाही तो आईपुढे गुडघे टेकतो. म्हणून सासू, आजी आणि राजमाता ही पात्रं खलनायिकेच्या छापात बसवून सोडून देऊ नका. त्या सत्तेच्या त्याच शिडीवर वर पोहोचलेल्या बायका आहेत, आणि वर पोहोचल्यावर शिडी खालच्यांसाठी तशीच ठेवतात. जन-ह्वान शेवटी राजमाता होते. ज्यांच्यावर जीव होता ते सगळे गेलेले, दालन भव्य, आणि ती एकटी. शिडी चढणं आणि सुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या शेवटाइतकं स्पष्ट दुसऱ्या कुठल्या मालिकेने दाखवलेलं नाही.

नायकाकडे वळू. प्रेममालिकेतला नायक बहुतेक वेळा दंडसत्तेचा माणूस असतो: सेनापती, गुप्तहेर खात्याचा अधिकारी, राजपुत्र, नाहीतर गुरू. मनगट धरून ओढत नेणं, न विचारता संरक्षण देणं, तिच्यावतीने परस्पर निर्णय घेणं, हे सगळं संगीत लावून प्रेम म्हणून विकलं जातं. चांगली मालिका ते विकत नाही, त्याची किंमत वसूल करते. ‘लव्ह लाइक द गॅलेक्सी’मध्ये (२०२२) लिंग बूयी सम्राटाचा लाडका मानसपुत्र. लग्न तोंडावर आलेलं असताना तो घराण्याच्या सूडासाठी एकटाच निघतो, होणाऱ्या बायकोला, छंग शाओशांगला, काही न सांगता. तिचं दुःख तो मेला असता याचं नाही. आपल्या दोघांच्या आयुष्याचा निर्णय त्याने एकट्याने घेतला, याचं आहे. ती नातं तोडते आणि पाच वर्षं पदच्युत सम्राज्ञीच्या सेवेत काढते. बऱ्याच प्रेक्षकांना ती निष्ठुर वाटली. मला ती त्या मालिकेतली सगळ्यात न्याय्य गोष्ट वाटते. लहानपणी तिला मागे टाकून लढाईवर गेलेल्या आईवडिलांनीही नेमकं हेच केलं होतं: तिला न विचारता, तिच्याविषयी ठरवलं होतं. ‘स्टोरी ऑफ कुनिंग पॅलेस’मध्ये (२०२३, ३८ भाग) नायक गुरू आणि नायिका शिष्या, म्हणजे तोल आधीच ढळलेला. तो सावरायला लेखिकेने तिला पुनर्जन्म दिला: मागच्या जन्मी ती सम्राज्ञी होऊन संपलेली आहे, त्यामुळे पुढचं तिला ठाऊक आहे. पुनर्जन्माच्या कथा इतक्या लोकप्रिय का, याचं कारण इथे सापडतं. ज्या समाजात बाईला हुद्दा देता येत नाही, तिथे तिला पुढचं ज्ञान देऊन लेखक पारडं सारखं करतात.

धंद्याच्या वाटेने जाणारी नायिका बघायची असेल तर ‘अ ड्रीम ऑफ स्प्लेंडर’ (२०२२, ४० भाग). जाव फान-अर चहाचं दुकान चालवते. परीक्षा पास होऊन मोठा झालेला तिचा वाग्दत्त तिला सोडतो, तेव्हा तिच्या हातात चहा, हिशेब आणि दोन मैत्रिणी उरतात, आणि तेवढ्यावर ती सोंगांच्या राजधानीत पाय रोवते. वरच्या कसोटीला उतरणारी नायिका. तरी मालिका एका ठिकाणी कच खाते. मूळ कथा क्वान हान-छिंगच्या युआन काळातल्या नाटकाची, आणि त्यात जाव फान-अर गणिका आहे, तशीच धूर्त आणि तशीच थोर. मालिकेने तिला बापाच्या गुन्ह्यामुळे लहानपणी ‘हीन नोंदवही’त, म्हणजे खालच्या दर्जाच्या लोकांच्या सरकारी यादीत टाकलेली आणि पुढे सुटलेली, कलावंत पण शरीर न विकलेली, असं केलं. नायिका निष्कलंकच हवी, हा आजच्या प्रेक्षकाचा आग्रह सातशे वर्षं जुन्या नाटकापेक्षाही सोवळा निघाला, आणि चीनमध्ये यावर टीकाही झाली.

सोंग काळाचीच खरी बाई समोर ठेवली तर फरक कळतो. कवयित्री ली छिंगजाव हिने ११३२ मध्ये दुसऱ्या नवऱ्याविरुद्ध परीक्षेतल्या लबाडीची फिर्याद केली. नवऱ्यावर फिर्याद करणाऱ्या बायकोला, आरोप खरा ठरला तरी, दोन वर्षांची कैद होती. हे जाणून तिने फिर्याद केली, सुटका मिळवली, आणि वजनदार ओळखीमुळे नऊ दिवसांत बाहेर आली. कुणी सेनापती घोड्यावरून आला नव्हता.

उलटापालट करणाऱ्या मालिकांबद्दलही विचारलं जातं. ‘द रोमान्स ऑफ टायगर अँड रोझ’मध्ये (२०२०, २४ भाग) ह्वायुआन नगरीत बायका राज्य करतात आणि पुरुषांनी शील सांभाळायचं असतं. बघायला मजा येते, आणि एक गोष्ट लगेच उघडी पडते: जे नियम बाईला लावलेले असताना ‘परंपरा’ वाटतात, तेच पुरुषाला लावले की जाच वाटतात. मात्र बाजू बदलून उतरंड जागच्या जागी राहते.

बाजाराचा एक धागा विसरू नका. जानेवारी २०१९ मध्ये बीजिंगच्या सरकारी वर्तमानपत्राने राजवाड्यातल्या कारस्थानांच्या मालिकांवर झोड उठवली आणि काही मालिका दूरचित्रवाणीवरून उतरल्या. २०२० मध्ये भागांची संख्या ४० च्या आत ठेवण्याची सूचना आली. त्यानंतर जनानखान्याच्या जागी वाडा, दुकान आणि न्यायकचेरी आली. आजच्या नायिका चहा विकतात आणि खटले लढतात, यामागे बदललेली दृष्टी आहे तसा हा दट्ट्याही आहे.

कुठून सुरू करायचं, तर मिंगलानचे पहिले पाच-सहा भाग, मग जन-ह्वान, आणि रुयी सगळ्यात शेवटी, कारण ती बघायला वरचे आकडे डोक्यात असावे लागतात. रुयीचं पात्र ज्या छ्येनलोंग सम्राटाच्या उलानारा सम्राज्ञीवर बेतलंय, तिने १७६५ च्या दक्षिण दौऱ्यात स्वतःचे केस कापले. मांचू स्त्रीने केस कापायचे ते फक्त सम्राट किंवा राजमाता गेल्याच्या सुतकात. नवरा जिवंत असताना तिने त्याचं सुतक धरलं, असाच त्याचा अर्थ लागला. सम्राटाने तिची पदाची सनद आणि मोहरा काढून घेतल्या. पुढच्या वर्षी ती गेली तेव्हा तिच्याजवळ दोनच दासी उरल्या होत्या. सम्राज्ञीला दहा असतात. दोन असतात त्या ‘दायिंग’ला.